गुंजेचे डोळे

मास्तरांची उभी हयात दुसऱ्यांच्या मापाचे कपडे शिवण्यात गेली. सूतभर इकडेतिकडे झालं की उसवून पुन्हा शिवायचे. बायको म्हणायची, हा माणूस झोपेतसुद्धा सरळ रेषेत घोरतो. ती गेली तसं मास्तरांनी दुकान मोडलं आणि ते लेकीकडे राहायला आले. तिथे नात होती, दिवसभर गरगर फिरणारी, म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत. जावई ट्रक चालवायचा, पंधरवड्यातून एकदा घरी. त्यामुळे भिंगरीला म्हातारा आयताच सापडला.

सुरुवात मोडक्या छत्रीपासून झाली. छत्रीच्या काड्या पाय ठरल्या, वर करवंटी बसली आणि भिंगरीने विचारलं, हा कोण? मास्तर गंभीरपणे म्हणाले, हा कोळी निवृत्त झालाय, आता जाळी विणत नाही. पोरगी हसून लोळली. मग काय, दोघं रोज कचरा वेचायला बाहेर. वाळक्या शेंगा, पिसं, झाकणं, सायकलची साखळी. तीन कानांचा ससा झाला, शेपटीवर उभा राहणारा मासा झाला. लेक कपाळाला हात लावायची. पण मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच माप न घेता काही करत होते आणि मनापासून सुखी होते.

जुनी खोड एकच उरली होती. गोंदावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. चिकटवलेलं सुटतं, आणि सुटलेलं पोर तोंडात घालतं. म्हणून प्रत्येक मणी, प्रत्येक डोळा ते भोक पाडून दुहेरी दोऱ्याने शिवत.

घराजवळच्या मैदानाच्या कुंपणावर गुंजेचा वेल होता. लालभडक बिया, वर काळा ठिपका, म्हणजे बुबुळासकट तयार डोळेच. कवच इतकं टणक की सुई वाकली. मास्तरांनी दाभण तापवून दोन बियांना आरपार भोकं पाडली आणि चिंध्यांच्या घुबडाला डोळे शिवले. भिंगरी त्याला कुशीत घेऊन झोपायची, झोपेत त्याचं तोंड चोखायची. एका सकाळी ती उलट्या करत उठली. घुबडाला एकच डोळा होता आणि दोरा ओला होता.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी घुबड हातात घेऊन पाहिलं. गुंज विषारी असते, पण बी अख्खी गिळली तर बहुधा काही होत नाही, त्या म्हणाल्या. कवच फुटत नाही, बी जशीच्या तशी बाहेर पडते. लेकीच्या जिवात जीव आला. अख्खीच होती, ती म्हणाली, मी पाहिली होती ना. मास्तर भिंतीला धरून उभे होते. खोटं कशाला सांगा, गप्प राहावं असं त्यांना एक क्षण वाटलं.

"मी भोक पाडलं होतं," ते म्हणाले.

"आरपार?"

"आरपार. दोरा जायला."

डॉक्टरबाई नर्सला हाक मारून आत गेल्या. लेकीने बापाकडे पाहिलं. त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

या विषावर उतारा नव्हता. सलाइन लावलं, पोट धुतलं, जे करता येतं ते सगळं झालं. जावई पोहोचला तेव्हा भिंगरीला शुद्ध नव्हती, आणि ती पुन्हा आलीच नाही.

तो कागदांवर सह्या करायला गेला तेव्हा लेकीने घुबड पिशवीतून काढून कचऱ्याच्या डब्यात खुपसलं. जावयाने ते पाहिलेलंच नव्हतं. मास्तर म्हणाले, मी त्याच्या पाया पडून सांगतो.

"नाही सांगायचं, बाबा. बी तिला मैदानात सापडली. तुम्ही केलंत हे कळलं तर ते तुम्हाला घरात ठेवणार नाहीत, आणि मी तुम्हाला टाकणार नाही. मग माझं काय उरेल?"

मास्तरांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

जावयाने लांबच्या फेऱ्या सोडल्या. बायकोशी पोरीचा विषय काढला की ती उठून आत जायची, म्हणून तो संध्याकाळी सासऱ्यापाशी येऊन बसू लागला. भिंगरी कशाला हसायची, काय बडबडायची, सगळं विचारून घ्यायचा. मास्तर सांगत. न सांगून जातात कुठे?

"मी सदा रस्त्यावर," एकदा तो म्हणाला. "पण तिच्याजवळ तुम्ही होतात, बाबा. तेवढंच एक समाधान आहे मला."

मास्तरांनी मान हलवली. जावयाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.