अण्णा फोनवर येत नाहीत

लिहायला बसलो आहे, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि परीक्षेच्या पेपरांखेरीज मी फारसं काही लिहिलेलं नाही. परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या या अंकात माझ्यापेक्षा कितीतरी वर्षं इथं काढलेली माणसं लिहितात. त्यांच्यात मी बोलणं आगाऊपणाचं वाटलं तर खुशाल पान उलटावं.

जयसिंगपूरहून निघालो त्या दिवशी मुंबईला जायला भाड्याची जीप आली होती. आई डिकीत लोणच्याची बरणी कुठं बसते ते बघत होती. अण्णा बॉनेटजवळ मान तिरकी करून उभे. एसटी स्टँडच्या मागं त्यांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. शाळा सातवीत सुटली, पण कानाने त्यांनी अर्ध्या तालुक्याच्या गाड्या बऱ्या केल्या. ड्रायव्हरला म्हणाले, "टॅपेट वाजतोय. घाटात दमानं घे."

"काका, तुमचं टू-व्हीलरचं काम. ही फोर-व्हीलर आहे."

"इंजिन आहे न्हवं? मग बोलतंयच की ते."

मला मात्र एवढंच म्हणाले, "शनिवारी फोन करत जा."

स्टेट कॉलेज नावाच्या या विद्यापीठाच्या गावी पहिल्या वर्षी मी दर शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडं संध्याकाळी, फोन करायचो. अण्णाच उचलायचे. कॅम्पसच्या बसचं इंजिन मागं असतं की पुढं, हे विचारायचे. दुसऱ्या वर्षी, २००५ च्या मार्चनंतर, ते फोनवर यायचे थांबले. आई म्हणायची, "अंघोळीला गेलेत." मग, "गिऱ्हाईक आलंय." आणि मग सलग तीन शनिवार, "मारुतीला गेलेत, तेल वाहायला."

इथं मला खरा संशय आला. अण्णा आयुष्यात मारुतीला गेले नव्हते. म्हणायचे, "मी दिवसभर तेलातच असतो, त्यानंच माझ्याकडं यावं."

त्यात आई दर वेळी विचारायची, "तुझी ती मोठी परीक्षा कधी संपते रे?" आमच्याकडं परीक्षा असलेल्या मुलाला वाईट बातमी सांगत नाहीत. दहावीच्या वेळी आजोबा गेले, ते मला भूगोलाचा पेपर झाल्यावर कळलं. तोवर ते "मिरजेला आत्याकडं" होते. आता माझी पीएचडीची क्वालिफायर ऑगस्टमध्ये होती. म्हणजे अण्णांना काय झालं होतं? हार्ट? गॅरेज विकलं? की माझ्यावरच राग धरला होता? पाहुणा यायच्या आधी घर आवरतात, तसं माझा फोन यायच्या आधी आमचं घर आवरलं जात होतं. आवरून कशामागं काय लपवलं, ते मला सात समुद्रांपलीकडून दिसत नव्हतं.

तेवढ्यात डेलने विचारलं. डेल आमच्या डिपार्टमेंटच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा. गावापासून तासाभरावर मातीच्या गोल ट्रॅकवर शनिवारी मोटरसायकलच्या रेस होतात, त्याचा पुतण्या पळतो, चल म्हणाला. गाड्यांना एकच गिअर आणि ब्रेकच नाहीत. मी आईकरवी हे अण्णांना कळवलं. आईकडूनच उत्तर आलं, "ब्रेक नसलेली गाडी कोण विकतंय म्हणे?" माझ्या मनानं घेतलं, की इंजिनांचा आवाज ऐकायला तरी ते नक्की फोन धरतील. आमच्याकडं नळाला पहाटे पाचला पाणी येतं, घर जागं असतं. तेव्हा इथं संध्याकाळचे साडेसात. ठरलं.

माझा नागपूरचा रूममेट प्रशांत म्हणाला, "कायले जाते बे तिकडं? आपल्यासारखे दोन-चार तरी दिसतील का तिथं? तुलेच पाहत बसतील सारे."

पाहत होतेच. गेटवर माझी सॅक उलटी करून बघितली, डेलची नाही. बाकावर बसलो तर शेजारच्या टोपीवाल्या आजोबांनी न बोलता माझ्या हातावर दोन पिवळे, मऊ तुकडे ठेवले. मी ते चघळायची गोळी समजून तोंडाजवळ नेले. आजोबा ओरडले, "नो, नो, सन! इअर्स!" आणि इतके हसले की टोपी पडली. कानात घालायचे बोळे होते ते.

फोन लागला. आईला म्हटलं, "आज मारुती नाही. अण्णांना दे." बराच वेळ नुसत्या तिच्या बांगड्या वाजल्या. मग अण्णांचा श्वास ऐकू आला. तीन महिन्यांनी.

"अण्णा, ऐका हां, आता सुटतील."

गाड्यांपुढं आडवी ताणलेली पट्टी वर उडाली आणि चार गाड्या सुटल्या. वळणावर आडव्या होऊन, डावा पाय मातीत घासत, ब्रेकशिवाय. मी मोबाइल उंच धरला होता. दुसऱ्या फेरीत डेलचा पुतण्या घसरून पडला. लाल दिवा लागला, चारी इंजिनं बंद झाली. तो उठून उभा राहीपर्यंत सगळं मैदान चिडीचूप होतं. मी फोन कानाला लावला.

अण्णा बोलत होते. "वा! काय आवाज आहे रे! अजून चालूच आहे की! एकेक इंजिन वेगळं कळतंय मला."

मी मैदानाकडं बघितलं. तिथं एक माणूस फावड्याने माती सारखी करत होता.

मी असं करायला नको होतं, पण केलं. म्हटलं, "अण्णा, जेवलात का?" पहाटे पाचला. एरवी त्यांनी मला झाडलंच असतं.

"होय होय," ते म्हणाले, "मस्त आहे. अभ्यास कर."

आईनं फोन घेतला. "झालं समाधान? बोलले की नाही?" तिचा आवाज इतका सुटल्यासारखा होता, की मी "हो" म्हणालो. पुढच्या रेस मी पाहिल्या, पण कोण जिंकलं ते सांगता येणार नाही. परतताना डेल गाडीत पुतण्याच्या खांद्याबद्दल बोलत होता आणि मी त्याच्याही बोलण्यात काही लपवलेलं आहे का ते शोधत होतो.

घर म्हणजे काय, याचं उत्तर देण्याइतका मी मोठा नाही. पण जिथली वाईट बातमी सगळ्यांच्या आधी आपल्याला कळते, ते आपलं घर, असं मला तेव्हापासून वाटतं. त्या हिशोबानं जयसिंगपूरचं घर माझं अजून व्हायचं होतं.

परीक्षा झाली. पास झालो, ते आईला सांगितलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं. अण्णांनी मला कधी पत्र लिहिलं नव्हतं. वहीचं एक पान, ओळी वर चढत गेलेल्या.

"चि. बाळास आशीर्वाद. मार्चपासून मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. मिरजेच्या डॉक्टरला दाखवलं, आता येणार नाही म्हणाले. तुझ्या आईला मीच गप्प बसवलं होतं, तिला बोलू नको. गॅरेज चालू आहे. स्क्रू-ड्रायव्हर दातात धरून इंजिनाला टेकवतो, दाताला कळतं. त्या रेसच्या दिवशी तू फोनवर काय म्हणालास ते लिहून कळव."