छबूबाईची तिवई

देवळाली प्रवरेत छबूबाईच्या रागाची गोष्ट निघाली की लोक तिवईपासून सुरुवात करतात. ते चूक आहे. राग तिवईच्या आधी तीन वर्षं शिजत होता.

तिचा नवरा गोरक्ष गावचा सुतार. नांगर, पाभर, बैलगाडी, सगळं त्याच्या हातचं. पण त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. वाकस उचलला की हात असा लटलटायचा, की लाकडाऐवजी स्वतःचीच नडगी तासली जायची. सुतारकी म्हणजे बलुतं. वर्षभर गावाची अवजारं नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावरून वाटा आणायचा. हात गेल्याचं कळलं असतं, तर हे काम गोरक्षच्या चुलतभावाकडे, भीमाकडे, जायला एक दिवससुद्धा लागला नसता.

म्हणून छबूबाईनं वाकस हातात घेतला. बाईनं वाकसाला शिवायचं नाही असा रिवाज. पण तिचा बापही सुतारच, आणि तिनं लहानपणापासून डोळे मिटून घेतलेले नव्हते. पडवीत गोणपाटाचा पडदा टांगला. आत ती तासायची. कुणी आलं की गोरक्ष अंगावरचा भुसा झटकत बाहेर यायचा. भुसा तरी कुठून, तिनं काढलेलाच मूठभर अंगावर टाकून यायचा!

इथवर तिला काही वाटत नव्हतं. नवऱ्याची अब्रू झाकावी, तिची हरकत नव्हती. पण गडी हळूहळू स्वतःच ते खरं मानायला लागला. पारावर बसून सांगायचा, "माझ्या हातचं चाक हाय, पाच वर्सं हालायचं न्हाई." कधीकधी तर घरात येऊन तिलाच शिकवायचा, की चाकात आरा असा बसवतात. मग तिचे लाकडावरचे घाव जरा जोरात पडायचे.

लढाई संपल्यावर, सेहेचाळीस साली, नगरच्या छावणीत लष्करी सामानाचे लिलाव लागले. शाळेचे नवे विज्ञानाचे मास्तर, नृसिंह मास्तर, तिथून एक पितळी दुर्बीण घेऊन आले. नळी होती, काचा होत्या, पाय मात्र नव्हते. चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी, सप्तमीचा चंद्र मामलेदारसाहेबांना आणि गावाला दाखवायचा असं ठरलं. मास्तर एका पुस्तकातलं चित्र घेऊन गोरक्षकडे आले. चित्रात सागवानाचे तीन पाय होते, बगळ्यासारखे बारीक.

"असंच हवं. हलकं आणि देखणं," मास्तर म्हणाले.

"व्हय व्हय, झालंच समजा," गोरक्ष म्हणाला.

पडद्याआड छबूबाईनं कपाळावर हात मारला. मास्तर गेल्यावर ती कडाडली, "व्हय व्हय काय? वारं आलं की ते काडीवानी थरथरंल. उपणणीच्या तिवईवर मानूस पाटी घिऊन वाऱ्यात हुबा ऱ्हातो. ती का हालत न्हाई? पाय फाकलेलं असत्यात आन् लाकूड जड असतं म्हनून!"

तिनं बाभूळ निवडली. दोन पावसाळे ओढ्याच्या पाण्यात मुरवून, मग सावलीत वाळवून गाडीच्या आखासाठी जपून ठेवलेलं ते लाकूड होतं. माथ्याला जुन्या चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गड्डा, घेतला, त्यात पाय बसवले, पायांना आडव्या पट्ट्यांनी एकमेकांशी बांधलं आणि तळाला लोखंडी टोकं ठोकली. मग माथ्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि एका पायावर सणसणीत चापट मारली. पाणी शहारलं, आणि एक दोन तीन म्हणेपर्यंत निवलं. तेव्हा कुठे ती उठली.

मास्तरांनी ती दणकट तिवई पाहून नाक मुरडलं, पण दुसरी करायला वेळ नव्हता.

सप्तमीच्या दिवशी दिवस कलता कलता सगळा गाव शाळेच्या पटांगणात जमला. आता मामलेदार येणार, म्हणून शाळा कमिटीचे अध्यक्ष मार्तंडराव यांनी रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकून उंच मंच केला होता. साहेब खाली मातीत उभे राहतील काय! तिवईही मंचावर चढवली. नवं अवजार म्हणून तिला हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला, शेजारी पाण्याचा कलश मांडला.

मामलेदारांनी डोळा लावला. "चंद्र उड्या मारतोय," ते म्हणाले. मागे मार्तंडराव, त्यांच्या मागे कमिटीतली पाचसहा वजनदार माणसं, सगळे पुढेमागे करत होते. मार्तंडरावांनी डोळा लावला, तरी तेच. ते खवळले. "गोरक्षा! हे काय पाय केलेस? साहेबांसमोर नाक कापलंस गावाचं!"

खाली बायकांच्या घोळक्यात उभ्या छबूबाईनं गोरक्षकडे पाहिलं. तिला वाटलं, आता म्हणेल, लाकूड पक्कं हाय, दुसरं काय हलतंय ते बघा. गोरक्षनं हात धोतरात लपवले आणि म्हणाला, "म्या न्हाई केलं, मालक. हे माज्या बायकुचं काम हाय."

तीन वर्षं! तीन वर्षं चांगलं झालेलं प्रत्येक चाक याचं, आणि वाईट ठरलेली पहिली वस्तू तिची. छबूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक हसायला लागले होते. ती पदर खोचून तरातरा मंचावर चढली.

"बाईमानूस वर कुठं?" मार्तंडराव ओरडले.

"सायेब, ह्या कलशात बघा," ती म्हणाली आणि मार्तंडरावांना म्हणाली, "मालक, तुमी दोन पावलं चाला."

ते रागानं दोन पावलं पुढे आले. कलशातलं पाणी काठावरून सांडलं.

"माजी तिवई हालत न्हाई. ह्या फळ्या हालत्यात, तुमचा मान हालतोय," ती म्हणाली.

कुणी पुढे व्हायच्या आत तिनं दुर्बीण उतरवून मास्तरांच्या हातात दिली, हार ओरबाडून टाकला, तिवई खांद्यावर घेतली आणि खाली उतरली. पटांगणातल्या टणक मातीत तिची टोकं पाय देऊन रोवली. मास्तरांनी दुर्बीण बसवली, डोळा लावला आणि हातानंच साहेबांना खाली बोलावलं.

मग मामलेदार खाली मातीत आले. त्यांनी पाहिलं. "वा! खड्डा न् खड्डा दिसतोय. गोरक्षा, पक्कं काम केलंस!"

आणि गोरक्षनं, काय सांगावं, हात जोडले!

"आत्ता बायकुचं काम हुतं," छबूबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "आन् आत्ता हात जोडताय व्हय? बघा रं सगळी त्ये हात! तीन वर्सं त्यांनी वाकस धरला न्हाई. गावातली समदी चाकं म्या केली."

गोरक्षचे जोडलेले हात सगळ्यांसमोर थरथरत होते. कुणी हसलं नाही.

"बाईच्या हातचं काम गावाला चालायचं नाही. सुतारकी आता भीमाकडे," मार्तंडराव म्हणाले.

"द्या की. आदी ज्या ज्या गाडीत बसून हितं आलात, त्यांची चाकं काडून ठिवा, मंग चालत घरी जावा."

मास्तरांनी तिला पुढे बोलावलं. तिनं एकदाच डोळा लावला. "ह्यो चांद म्हंजी किडलेलं लाकूड हाय की," एवढंच म्हणाली आणि घरी निघाली.

सकाळी तिनं पडवीतला गोणपाटाचा पडदा काढून टाकला आणि वाकस मांडीवर घेऊन दारात बसली. गोरक्ष कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. उसाची गाडी घेऊन कानिफनाथ आला. चाकाचा आरा मोडला होता, आणि भीमानं चार दिवस लागतील म्हणून सांगितलं होतं.

"गोरक्षा," त्यानं सवयीनं हाक मारली.

छबूबाई हलली नाही.

"गोरक्षाची मंडळी, जरा बघता का?"

तिनं वाकसाच्या धारेवरून अंगठा फिरवला. गोरक्षनं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली. गाडीचे बैल माना हलवत होते. कानिफनाथानं डोक्यावरचं मुंडासं काढलं, पुन्हा ठेवलं.

"छबूबाई," तो म्हणाला, "येवढा आरा बसवून देता का?"

"आना हिकडं," ती म्हणाली आणि उठली.