रिकामं घमेलं

गोठ्यातली चौदा रेडकं जिच्या हाताखाली वाढत होती, तिला मालकापासून सगळे मावशी म्हणत. मावशींचा एकच खाक्या होता: रेडकू ओरडलं की दूध. त्यामुळे त्यांची रेडकं गुबगुबीत दिसत आणि मावशी त्या गुबगुबीतपणाचा तोरा मिरवत.

नव्या डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या त्या तोऱ्याला टाचणी लावली.

"मावशी, ही दिसायला छान आहेत, पण चार महिन्यांची झाली तरी रवंथ करत नाहीत. जन्मतः त्यांचं रवंथाचं पोट एवढंसं असतं. दूध त्यात जातच नाही, परस्पर पुढे जातं. ते पोट वाढतं दाण्यांनी. दुसऱ्या आठवड्यापासून खुराक आणि पाणी समोर ठेवायचं. सलग तीन दिवस पाऊण किलो खाल्लं, की दूध कमी करत बंद."

"आणि उपाशी मेलं तर?"

"तर मी हरले."

हे वाक्य मावशींनी गाठीशी बांधून ठेवलं.

प्रयोगासाठी कानफाटी निवडली. फाटक्या कानाची, दोन आठवड्यांची काटकुळी पारडी, मावशींच्या पदराला सारखी लुचणारी. सातव्या आठवड्यात तिचं पाऊण किलो खुराकाचं घमेलं सलग तीन दिवस चाटूनपुसून रिकामं सापडलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, दूध निम्मं करायला सांगून गेल्या आणि चार दिवसांनी फोनवर म्हणाल्या, "घमेलं रिकामंच ना? मग करा बंद."

आता खरी गोष्ट अशी, की दूध निम्मं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मावशींनी सगळं पाहिलं होतं. शेजारच्या कप्प्यातलं थोराड रेडकू गजांतून मान घालून कानफाटीचं घमेलं साफ करत होतं. कानफाटी नुसती कड चाटत होती. घमेलं दुसऱ्या भिंतीला सरकवलं की काम झालं असतं. पण मावशी मूग गिळून बसल्या. शिकलेली आहे, तिचं तिला कळू दे, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि फोनवर "हो, रिकामंच" म्हणाल्या. ते खोटं नव्हतं, हीच त्यातली मेख.

ते पाहिल्याच्या आठव्या दिवशी बादलीचा आवाज ऐकूनही कानफाटी उठली नाही. मावशींनी तिच्या डाव्या कुशीला कान लावला. एरवी तिथे चुळबुळ ऐकू येते. आत शुकशुकाट होता. जिंकायची त्यांना घाई होती, आणि जिंकायचं म्हणजे कानफाटी मरायची, हे त्यांना तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

त्यांनी फोन लावला. "डॉक्टर, खुराक शेजारचं खात होतं. मला आठ दिवस माहीत होतं."

पलीकडून लगेच, "दूध कोमट करा. थोडं थोडं पाजा. मी निघाले."

पुढचे तीन आठवडे मावशी कानफाटीपासून हलल्या नाहीत. दूध संपत आलं, की ओल्या बोटांनी चिमूटभर खुराक तिच्या जिभेवर. आधी थुंकायची, मग चघळायला लागली, मग मावशींची बोटं सोडून घमेल्यात तोंड घालायला लागली. एके दुपारी ती पसरून बसली होती, समोर काही नव्हतं, तरी जबडा सावकाश इकडून तिकडे चालला होता. मावशी तिथेच जमिनीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसत ते चावणं मोजत राहिल्या.

कानफाटीचं दूध तुटलं, तसं डॉक्टरीणबाईंनी वहीत लिहिलं. उशिराचं कारण म्हणून त्यांनी एवढंच टाकलं होतं: "खुराक शेजारचं रेडकू खात होतं."

मावशींनी अडखळत ते वाचलं. मग पेन मागितलं आणि खाली वाकड्या अक्षरांत ओळ जोडली: "मावशीला माहीत होतं."