नवी डिस्क जुन्या जागी

सेतुमाधवचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पावणेपाचला मैलापुरात कंपनीची बस, सहाला शहराबाहेर, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात. तो मेंटेनन्सला फिटर, मी लेथवर. राहायलाही मी त्याच्या खालच्या घरात. बेअरिंग बदलताना तो घाई करत नसे. जुनं काढायचं, जागा पुसायची, नवं तिथंच बसवायचं. त्याचं काम पुन्हा उघडावं लागलेलं मी पाहिलं नाही. एकदा सोडून.

२००४ साल. रविवार, तरी तो चारलाच उठला. त्याची बायको रत्नप्रभा तंजावरकडच्या आपल्या मराठी घराण्यांची यादी करत होती. लोक जुने मोडी कागद आणून देत, ती स्कॅन करून परत पाठवी. दोन वर्षांचं काम. आता कॉम्प्युटरची डिस्क भरली होती, शेवटचे चाळीस कागद बाकी होते, आणि दुपारी छापखान्याचा माणूस सीडी न्यायला येणार होता.

कॉम्प्युटरवर लिनक्स. ते घालून दिलं वरच्या मजल्यावरच्या ऋजुतानं. पुण्याची मुलगी, आयटीत नोकरी. सकाळी ती बाहेर होती, पण काय टाइप करायचं ते वहीत लिहून गेली होती.

सेतूनं जुन्या डिस्कशेजारी नवी डिस्क बसवली. चारही स्क्रू सारख्या जोरानं आवळले. कॉम्प्युटर सुरू केला. डिस्कचा पत्ता नाही.

"घट्ट बसली ना?" मी विचारलं.

"हलवून बघ."

हलली नाही. वही सांगत होती, डिस्कचे भाग पाडा, फॉरमॅट करा, मग एखाद्या फोल्डरला जोडा.

"बसवलेली वस्तू परत जोडायची?" तो म्हणाला.

मला काय कळणार. त्यानं एकेक अक्षर वहीशी ताडून टाइप केलं. फोल्डरच्या नावाची जागा ऋजुतानं मोकळी ठेवली होती. तिथं त्यानं रत्नप्रभाच्या कागदांच्या फोल्डरचं नाव घातलं. नवं ते जुन्याच जागी.

"अहो, माझे कागद कुठायत?"

फोल्डरमध्ये एकही कागद नव्हता. फक्त 'लॉस्ट अँड फाउंड' नावाचा आणखी एक फोल्डर. उघडला. तोही रिकामा.

"हरवलं ते कळलं," रत्नप्रभा म्हणाली. "सापडलं कुठाय?"

सेतूनं कीबोर्ड लांब सरकवला. बिघाड कळेपर्यंत दुसरा नट फिरवायचा नाही, हा त्याचा नेम. पुढ्यातली इडली गार झाली. कागदांचे मालक कोण कुठं विखुरलेले, काहींचे कागद तर परत गेल्यावर वाळवीनं संपवलेले.

दहाला ऋजुता आली.

"काका, त्यानंतर काही केलंत?"

"हात लावला नाही."

"मग वाचलात." तिनं एक ओळ टाइप करून डिस्क फोल्डरपासून सोडवली. सगळे कागद परत दिसले. "ते तिथंच होते. नवी डिस्क त्यांच्यावर येऊन बसली, म्हणून झाकले गेले. रिकाम्या फोल्डरला जोडायची असते."

"एका जागी दोन वस्तू?"

"हो."

"बेअरिंग असं करत नाही," सेतू म्हणाला. तिनं पुन्हा समजावलं. त्यानं मान हलवली. मला विचाराल तर दोघांनाही एकमेकांचं आजवर कळलेलं नाही.

डिस्क नव्या फोल्डरला जोडली. चाळीस कागद दोनच्या आत चढले, सीडी गेली.

सेतू पुढच्याच महिन्यात निवृत्त झाला. ती डिस्क घ्यायला आधीच्या सहा रविवारांचा ओव्हरटाइम गेला होता. छापील यादी सातशे बारा घरांत पोचली. डिस्क अजून चालते. स्क्रू पुन्हा एकदाही आवळावे लागले नाहीत.