एक लाइटीला, एक पंपाला, एक गावदेवीला

सदर व्यक्ती नामे जयवंता हिरू म्हसे, स्त्री, अविवाहित, राहणार मौजे पोशीर, तालुका कर्जत, जिल्हा रायगड. शिक्षण: पदविका, इलेक्ट्रॉनिक्स. हुद्दा: कनिष्ठ तांत्रिक सहाय्यक, नियंत्रणपेटी विभाग, खोपोली. बांधा मध्यम, वर्ण सावळा. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर सोल्डरिंगच्या डागणीचा वण. वर्तणूक: वरिष्ठांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेते व त्यानंतर स्वतःच्या मनाप्रमाणे करते. सदर व्यक्तीने कंपनीच्या पेटीतील बूटलोडरच्या पर्यायांत सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व त्यांच्या समक्ष फेरफार केला. सबब कारवाई प्रस्तावित आहे.

'परवानगीशिवाय व समक्ष' हे शब्द कार्यालयीन मराठीत सहसा शेजारी बसत नाहीत. जयवंतेच्या बाबतीत बसले, कारण घडलं तसंच होतं.

जयवंता हे नाव तिच्या आजीचं. आजी गेली त्याच साली ही जन्मली, म्हणून नाव घरातच राहिलं. कंपनीत मुलाखतीला गेली तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "जयवंत हे वडिलांचं नाव का?" तेव्हा ही म्हणाली, "नाही मॅडम, माझंच. वडील हिरू." मॅडमनी कागदावर काहीतरी खोडलं. तिच्याविषयी कंपनीच्या दप्तरात झालेली ती पहिली दुरुस्ती. पुढच्या दुरुस्त्या तिने स्वतः केल्या.

कंपनी गावोगावच्या पाणीयोजनांसाठी पेट्या बनवते. टाकी रिकामी झाली की पंप सुरू करायचा, भरली की बंद करायचा, विहिरीत पाणी नसेल तर सुरूच करायचा नाही, एवढं त्या पेटीचं काम. पूर्वी हे काम माणूस करायचा आणि त्याला अक्कल लागते असं कुणी म्हणत नसे. आता पेटीत पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक असतो आणि पेटी हुशार आहे असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. त्या संगणकात वीज येताच सगळ्यात आधी जो छोटा प्रोग्राम जागा होतो आणि मग बाकीच्यांना उठवतो, तो बूटलोडर. त्याला काय काय सांगून ठेवायचं, किती वेळ थांबायचं, कुठली प्रत उठवायची, ती उठली नाही तर काय करायचं, हे ठरवून भरणं म्हणजे जयवंतेची नोकरी.

हे तिने आईला एकदा समजावून सांगितलं होतं. आनंदीबाई तांदूळ निवडत होत्या.

"लग्नघरात बघ, सगळ्यात आधी एक बाई उठते. चूल पेटवते, पाणी ठेवते, मग एकेकाला हाक मारते. ती नाय उठली तर नवरदेवबी झोपलेलाच."

"म्हंजे मीच की गं."

"तूच. फक्त तुला कुनी आकडे भरत नाय."

"मला भरतात ते टोमणे," आनंदीबाई म्हणाल्या आणि खडा बाजूला टाकला.

आता त्या आकड्यांपैकी एक आकडा. पेटी अर्धवट उठून पडली, तर बूटलोडर ते मोजून ठेवतो. दोनदा पडली तर माफ. तिसऱ्यांदाही उठायची वेळ आली, तर आत काहीतरी बिघडलं आहे असं समजून तो पेटीला कुलूप घालतो. लाल दिवा लागतो आणि कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत पेटी कुणाचं ऐकत नाही. या स्थितीला कंपनीत 'सुरक्षित अवस्था' म्हणतात. तीत पंप बंद असतो. बंद पंपाला काही होत नाही, हे मान्यच करायला हवं.

कर्जतकडच्या कोंडाणे लेण्यांच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे. नाव देत नाही. तिथे अशी एक पेटी बसली. पंपघराची चावी धाकलूकडे. पहिली मोटार बसली तेव्हापासून ती त्याच्या करदोड्याला आहे. मानधन असं की त्यासाठी कुणी भांडणार नाही, पण चावीचा मान मोठा. गावात लग्न ठरलं की भटजींच्या आधी धाकलूला विचारतात, "त्या दिवशी पानी कसं?" मग धाकलू जरा वेळ आभाळाकडे बघतो. आभाळाचा त्यात काही संबंध नसतो.

डोंगराकडेला वीज गेली की परत येताना सरळ येत नाही. येते, लपकते, जाते, पुन्हा येते. म्हणून पहिली मोटार बसवणाऱ्या वायरमनने धाकलूला शिकवून ठेवलं होतं की लाइट आली की खटका वर, खाली, वर, खाली, वर. झटका निघून जातो. वायरमन गेला, मोटार बदलली, खटका राहिला. मधल्या काळात त्याला अर्थही चिकटला: एक लाइटीला, एक पंपाला, एक गावदेवीला. गावातली लहान मुलंही लाइट आली की हे म्हणतात.

नवी पेटी उठायला मिनिटभर घेते. धाकलूचे तीन खटके त्याच्या आत उरकतात. लाइटीला, पेटी अर्धी उठली, पडली. पंपाला, अर्धी उठली, पडली. गावदेवीला, कुलूप.

पहिल्यांदा झालं तेव्हा कंपनीचा माणूस येऊन लाल दिवा घालवून गेला. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गावातल्या बायका हंडे घेऊन ओढ्यावर गेल्या आणि येताना पाणी समितीच्या अध्यक्षांच्या दारात ते मोठ्याने उतरवून ठेवले. समितीने ठरवलं की कंपनीने सर्वांसमक्ष सांगावं, चूक कुणाची. धाकलूची असेल तर त्याने चावी खाली ठेवायची.

कंपनीकडून हर्षद सर निघाले. ते ठाण्याचे, सेवा विभागाचे प्रमुख, माणूस वाईट नाही. कुणावर ओरडत नाहीत, फक्त ई-मेल करतात. जयवंतेला त्यांनी बरोबर घेतलं.

गाडीत म्हणाले, "तू त्यांच्या भाषेत समजावून सांग."

"काय सांगायचं, सर?"

"की हा ऑपरेटरचा दोष आहे. सौम्य शब्दांत."

"धाकलूकाकांची चावी जाईल, सर."

"तुझे कोणी लागतात का ते?"

"आमच्याकडं सगळेच काका असतात."

हर्षद सरांनी एसी वाढवला.

सभा देवळाच्या मंडपात, भर दुपारी. पुरुष खांबांना टेकून, बायका पायऱ्यांवर. धाकलू मधोमध, नवा सदरा घालून, निकाल ऐकायला बसल्यासारखा. हर्षद सरांनी सुरुवात छान केली. पेटी अत्याधुनिक आहे, तिला उठायला वेळ द्यावा लागतो, एकदाच चालू करून थांबायचं, बस.

"काका, जमेल ना?"

"दोनदा करून बघितलं, सायेब," धाकलू म्हणाला. "डोकं थांबतं. हात थांबत नाय. हात परस्परच करून मोकळा व्हतो."

"हाताला आवरायला हवं, काका."

"आवरतो. पन तिसरा खटका गावदेवीचा. तो गाळू तर तिला सांगू काय? कंपनीचा नियम हाय म्हून?"

पायऱ्यांवरून गौराबाई बोलल्या. ओढ्यावरून आलेल्या हंड्यांत सर्वांत मोठा हंडा त्यांचा होता. "अवो सायेब, तुमचा खोका शिकलेला हाय ना? मंग तीन खटक्यांत त्याला चक्कर कशी येती? आमचा धाकलू तर चाळीस वर्षं खटके मारतोय, त्याला नाय आली."

"गौरे, तू माज्या बाजूनं बोलतीस का माजी लाज काढतीस?" धाकलूने विचारलं.

"ते पानी आल्यावर ठरवू."

मंडप हसला. हर्षद सर हसले नाहीत. त्यांनी जयवंतेकडे पाहिलं. हीच ती जागा, जिथे तिने सौम्य शब्दांत सांगायचं होतं.

जयवंता उभी राहिली. ओढणी खोचली. खोपोलीत ती 'आहे' म्हणते, इथे आपोआप 'हाय' आलं.

"चूक धाकलूकाकाची नाय. खोक्याचीबी नाय. दोनदा माफ आन् तिसऱ्याला कुलूप, हा आकडा मी भरला. आमच्या टेबलावर इन्व्हर्टर हाय, तिथं लाइट कधी जातच नाय. तिथं बसून भरला. पोशीरला माझा बाप शेतातली मोटार चालू करतो, तोबी असाच खटका मारतो. जन्मापासून बघितलंय आन् खुर्चीवर बसल्यावर इसरले. धाकलूकाकानं काय बदलायचं नाय. आकडा बदलायचा."

मंडपात मागून कुणीतरी म्हणालं, "मंग बदल की."

"जयवंता," हर्षद सर हळू आवाजात म्हणाले, "जरा बाहेर ये."

"बाहेर ऊन हाय, सर. हितंच बोला."

"कुलूप हा कंपनीचा निर्णय आहे. तो तू इथे उभी राहून बदलू शकत नाहीस."

"उभी राहून नाय व्हनार. पंपघरात स्टूल असंल."

स्टूल नव्हतं. एक उलटी बादली होती, ती धाकलूने पुसून दिली. पंपघरात माणसं मावली तेवढी आली, बाकीची दाराच्या चौकटीत साचली. जयवंतेने पेटीला वायर लावली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि धाकलूला खटका वर करायला सांगितलं. पडद्यावर अक्षरं धावू लागली आणि एक उलटी मोजणी सुरू झाली. ती संपायच्या आत तिने बटण दाबून बूटलोडरला अडवलं. पासवर्ड विचारला गेला. कंपनीत तो फक्त तिला पाठ होता, कारण तो लांब होता आणि बाकीच्यांचं म्हणणं होतं, जयवंता आहे ना.

"हे अप्रूव्ह्ड नाही," हर्षद सर म्हणाले.

"अजून चालूबी नाय, सर. चालू झालं की अप्रूव्ह करा."

"कुलूप काढलंस आणि आतला प्रोग्राम खरंच बिघडलेला असला तर? पंप कोरडा फिरून जळेल. मग जबाबदार कोण?"

प्रश्न रास्त होता आणि जयवंतेनेही त्याला रास्त उत्तर दिलं. स्क्रीन त्यांच्याकडे वळवून ती म्हणाली, "हे वाचा. आता उठल्या उठल्या मोजायचं नाय. आधी गप बसून राहायचं, लाइट टिकते का बघायची, टिकली तर मोजायला घ्यायचं. खटक्याखटक्यात तो मोजायला पोचतच नाय. आन् खरंच तीनदा पडला, तर कुलूप नाय. जुनी चांगली प्रत आत पडूनच हाय, ती उठवायची. तिला कोरडी विहीर कळते. आपलीच प्रत हाय, सर. तुमीच पास केलेली."

हर्षद सरांनी वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. चूक सापडली असती तर त्यांना फार बरं वाटलं असतं.

"मला लेखी विचारायला हवं होतंस."

"विचारलं व्हतं. पहिल्या लाल दिव्याला. उत्तर आलं की नोंद घेतली."

तिने बदल साठवले, खटका खाली करायला लावला, वायर काढली आणि बादलीवरून उठली. "काका, मेन लाइन गेली आन् आली असं समजा. तुमच्या हातानं करा. नेहमीसारखं."

धाकलूने सदऱ्याच्या बाह्या मागे सारल्या. खटका वर. "लाइटीला," दारातली पोरं ओरडली. खाली, वर. "पंपाला." खाली. इथे त्याने क्षणभर हर्षद सरांकडे पाहिलं आणि मग मुद्दाम, सावकाश, खटका वर केला. या वेळी पोरं गप्प राहिली. "गावदेवीला," धाकलू एकटाच म्हणाला.

पेटी काहीच करेना. हिरवा नाही, लाल नाही. जयवंतेने तिला गप्प बसायलाच सांगितलं होतं, पण ते आता कुणाला आठवत नव्हतं. धाकलूचा हात करदोड्याकडे गेला आणि त्याने चावीची गाठ सोडायला घेतली.

"ऱ्हाऊ दे रं," गौराबाई म्हणाल्या. "खोका इचार करतोय."

मग हिरवा दिवा लागला. थोड्या वेळाने पंपाने घसा साफ केला आणि पाइप थरथरला. टाकीकडे पळालेल्या पोरांची आरोळी खाली ऐकू आली. धाकलूने गाठ परत बांधली, यावेळी दुहेरी.

परतीच्या गाडीत एसी पूर्ण होता.

आठवड्याच्या आत सुरुवातीला दिलेलं वर्णन तयार झालं आणि जयवंतेकडून खुलासा मागवण्यात आला. तिने तो दिला. 'फेरफार केला. समक्ष केला. पुन्हा अशी पेटी लागली तर पुन्हा करीन.' एवढाच. सोबतच्या मुलीने सांगितलं, निदान 'दिलगीर आहे' तरी लिही, तसा रिवाज आहे. जयवंता म्हणाली, "दिलगीर मी गावात झाले. एकाच गोष्टीसाठी दोनदा नाही होत."

तिची बदली पॅकिंगला झाली. ती आता पेट्यांना थर्माकोल लावते. नियंत्रणपेटी विभागातली मंडळी अधूनमधून पॅकिंगमध्ये येतात आणि तो लांब पासवर्ड विचारून जातात. ती सांगते. तीनदा सांगावा लागतो. कोंडाण्याच्या वाटेवरच्या त्या पेटीचे आकडे पूर्ववत करावेत असा लेखी आदेशही निघाला आहे. तो तिला वाचून दाखवण्यात आला तेव्हा ती म्हणाली, "आधी कुणीतरी जाऊन धाकलूकाकांच्या हातातला तिसरा खटका काढून आणा. मग मी आकडा लावते." तिसरा खटका आणायला अद्याप कुणी गेलेलं नाही.

सदर प्रकरणी चौकशी प्रलंबित असून सदर पेटी अनधिकृत अवस्थेत आहे. चावी धाकलूकडे आहे. लाइट येते, तो खटका तीनदा मारतो, आणि पाणी चढतं.