केमिस्टचं कपाट

माझे आजोबा, प्रोफेसर विल्फ्रेड आर्मिटेज, गेल्या महिन्यात निवृत्त झाले. चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण एकही परीक्षानळी फोडली नाही. हातातच धरली नाही, तर फुटणार कुठून? रेणूतले अणू एकमेकांना का धरून राहतात, हे ते पेन्सिलीनं कागदावर गणित करून काढतात.

पण यॉर्कशरमधल्या आमच्या खाणकामगारांच्या गावाला हे कोण सांगणार? इंग्रजीत रसायनशास्त्रज्ञही केमिस्टच, पण आमच्याकडे केमिस्ट म्हणजे औषधाचं दुकान, आणि तेही चार मैलांवर. आजोबा रसायनशास्त्र शिकायला गेले, तेव्हा गावानं ठरवूनच टाकलं: आता खोकल्याचं औषध दारात! बायकांनी स्वेटर विणले, दर सुट्टीला आल्याचा केक बांधून दिला. खरं कळलं तर हीच माणसं दारात उभं करणार नाहीत, या भीतीनं आजोबा सात वर्षं मिठाची गुळणी धरून बसले.

डॉक्टरेट घेऊन परतले, तर चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, हॉलमध्ये अख्खं गाव. मधोमध नवंकोरं कपाट, शेजारच्या एडनामावशीच्या नवऱ्यानं केलेलं. खणांवर रंगानं लिहिलेलं: खोकला, पोटदुखी, इतर.

आजोबांनी आधी चष्मा पुसला, मग घसा साफ केला. (ही नक्कल मला झकास जमते.) “अं... म्हणजे बघा... मी त्यातला केमिस्ट नाही. मी नुसती गणितं करतो.”



“म्हणजे तुझ्या गणितानं माझा खोकला जायचा नाही?” एडनामावशीनं विचारलं.

“नाही, मावशी.”

“सात वर्षं शिकून?”

“हो.”

“मग तोंड पाडून उभा काय राहतोस, मेल्या? चहा गार होतोय. आणि हे धूड घेऊन जा, माझ्या घरात जागा नाही!”

कपाट आजोबांबरोबर तीन विद्यापीठं हिंडलं. परत आलेले लेख ‘पोटदुखी’त, छापून आलेले ‘इतर’मध्ये. ‘खोकला’ मात्र कायम रिकामा.

निरोप समारंभात पुन्हा चष्मा, पुन्हा घसा. “अं... म्हणजे बघा... शिकवलं मला पुष्कळांनी. पण चुकीचा केमिस्ट निघालो तरी चहाला बसवणारं गाव एकच.”

पहिल्या रांगेत शहाऐंशी वर्षांची एडनामावशी खोकली. “पुरे रे, विल्फ! ह्याचं काय ते बघ आधी.”

आजोबा आता कपाटासकट गावी परतलेत, आणि ‘खोकला’ खणात एक बाटली आहे, दुकानातून आणलेली. रोज चारच्या सुमारास आजोबा ती खिशात घालून मावशीकडे जातात. ती खिडकीतूनच ओरडते, “आला गं बाई, आमचा केमिस्ट आला!”