वत्सलाबेनचा अंगठा

मारुती सोनटक्के हा काही खोटं बोलणारा माणूस नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. सुरतेत, नवागामला, बावीस वर्षं त्याने कापड विणायची लूम चालवली. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मूळचा हिंगोलीकडचा. गल्ली सगळी खानदेशी, त्यात हे एकच बिऱ्हाड मराठवाड्याचं. मूलबाळ झालं नाही. पण बायको वत्सला अशी बोलकी, की गल्लीतल्या बायका तिच्या ओट्यावरून हलायच्या नाहीत.

अडीच वर्षांपूर्वी ती गावी भावाकडे गेली आणि तिकडेच तापाने गेली. तीन दिवसांत खेळ खलास. सगळं उरकून मारुती महिन्याने परतला, तोवर मुंडन केलेल्या डोक्यावर केसही उगवले होते. शेजारच्या शोभाबाई दारातच उभ्या. "वहिनी नाही आल्या?" "येईल की," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. झालं! आज "येईल" म्हटलं, तर उद्या "मेली" कसं म्हणायचं? आज सांगू, उद्या सांगू करता करता दिवाळी गेली, होळी गेली. गल्लीपुरती तरी वत्सला भावाकडे जिवंत होती, आणि खरं सांगायचं तर त्याला ते हवंच होतं. कारखान्यातली पाळी संपवून आलं की घर मात्र खायला उठायचं.

गॅसचं कनेक्शन तिच्याच नावावर. म्हणून तिचा मोबाइल मारुतीने चालू ठेवलेला. ओटीपी त्यावर यायचा, तो आकडा सांगितला की गॅसचा बाटला घरात. कधी शोभाबाईंचाही फोन यायचा. आवाज बंद करून ठेवलेला तो मोबाइल थरथरायचा आणि मारुती नुसता बघत बसायचा.

मग आखातात लढाई पेटली. नवागामच्या मारुतीला त्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. अहो, पण आपल्या अर्ध्या देशाच्या चुली तिथल्या सामुद्रधुनीतून येणाऱ्या गॅसच्या जहाजांवर! जहाजं तिकडेच अडकली. इकडे खानावळी बंद पडल्या, बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं गाडी धरून गावाकडे निघाली. चहाच्या टपरीवर सगळे टीव्हीला डोळे लावून बसायचे. दिल्ली दोन्हीकडे गोड बोलत होती. याला दुखवायचं नाही, त्याला तोडायचं नाही, आणि मधल्यामध्ये आपली जहाजं सोडवून आणायची. कारखान्यातला विकास चिडायचा, "एकदा काय ते स्पष्ट बोलून टाका ना!"

"बोलता येत नसतं बाबा कधी कधी," मारुती म्हणायचा. "एवढ्या मोठ्या देशालाही येत नसेल."

एक दिवस दोन जहाजं सुटल्याची बातमी आली, टपरीवर टाळ्या पडल्या. पण आलेला गॅस पुरवून पुरवून वाटायचा, तर खरी गिऱ्हाइकं कोण ते आधी ठरायला हवं. एजन्सीने फर्मान काढलं: ज्याच्या नावावर कनेक्शन, त्याने स्वतः येऊन अंगठा द्यायचा. नाहीतर बाटला बंद. आठवडाभर मारुतीने चालढकल केली, तेवढ्यात घरातला गॅस संपला. दोन दिवस चहाच्या टपरीवर पाव खाऊन काढले. तिसऱ्या दिवशी शोभाबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणून दिली आणि फणकाऱ्याने म्हणाल्या, "बोलवा आता राणीसाहेबांना, अंगठ्यापुरतं तरी!"

ती भाकरी त्याने तशीच झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसची चोपडी आणि मरणाचा दाखला पिशवीत घालून तो रांगेत उभा राहिला. पुढेमागे सगळी गल्लीच होती. शोभाबाई तर बरोब्बर त्याच्या मागे. खिडकीशी वाकून हळूच सांगू, कुणाला कळणार नाही, असा त्याचा बेत.

खिडकीत स्वाती नावाची मुलगी होती. चोपडी बघून म्हणाली, "काका, हे वत्सलाबेनच्या नावावर आहे. अंगठा त्यांचाच लागेल. त्यांना घेऊन या."

मारुतीने दाखला सरकवला आणि तो काहीतरी पुटपुटला. मध्ये काच, भोवती गलका. "काय? ऐकू नाही आलं, काका!"

बावीस वर्षं लूमच्या खडखडाटात ओरडून बोललेला माणूस तो. एकतर पुटपुटणं, नाहीतर ओरडणं; मधला आवाज त्याच्याकडे उरलाच नव्हता. "वारली ती!" तो बोलला, ते रांगेच्या शेवटच्या माणसाने ऐकलं.

स्वातीने दाखला उलगडला, तारीख वाचली आणि वर पाहिलं. "अडीच वर्षं झाली, काका?"

"हो."

मागून शोभाबाईंनी त्याची बाही धरली. "माय व माय! काय बोलून राहिले, भाऊ? अडीच वर्षं मी तिच्यावर रुसून बसली! फोन उचलत नाही म्हणून नको नको ते बोलली मी त्या बाईला..." बोलता बोलता त्यांना रडूच फुटलं. पदराने तोंड पुसत त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही, भाऊ? इतके दिवस एकटेच रडत होते?"

मारुतीने नाही अशी मान हलवली.

"रडलो कुठं, बाई," तो म्हणाला. "आपल्या दोन खोल्यांमधली भिंत ती केवढीशी. तुम्हाला ऐकू गेलं असतं."